आण्णांच्या कानातला आवाज

महेंद्र खरात माझा भागीदार. मंडप माझा, आवाज त्याचा. खुर्च्या, गाद्या, कनाती आणि पंखे मी पुरवायचे. माइक, स्पीकर, मिक्सर आणि वायरींचं जंजाळ त्यानं. बेलापूर आणि आजूबाजूच्या खेड्यांत गेल्या अठरा वर्षांत झालेली निम्मी लग्नं, सप्ताह, जयंत्या आणि पुढाऱ्यांची भाषणं आम्ही दोघांनी उभी केली आहेत. भाषणांबद्दल लोकांनी आम्हाला माफ करावं.

मी तापट माणूस. कुणी खुर्ची फरशीवरून ओढत नेली तरी माझं डोकं फिरतं. महेंद्रचं उलट. मांडवाला आग लागली तर तो आधी मिक्सरची सगळी बटणं शून्यावर आणील, वायर गुंडाळील आणि मग पळेल. आमचं जमलं ते त्यामुळेच. दोघंही माझ्यासारखे असतो तर डोकी फुटली असती, आणि दोघंही त्याच्यासारखे असतो तर मांडव लग्नाच्या दुसऱ्या दिवशी उभा राहिला असता.

पंचक्रोशीत त्याचं नाव एका गोष्टीसाठी होतं. महेंद्रचा माइक शिट्टी मारत नाही. ही शिट्टी सगळ्यांनी ऐकलेली असते. माइकमधला आवाज स्पीकरमधून बाहेर पडतो, स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरतो, तिथून पुन्हा स्पीकरमध्ये, असा स्वतःचंच शेपूट धरून फिरत राहतो आणि क्षणात त्याची किंकाळी होते. नवरदेव कानावर हात ठेवतो, पोरं रडायला लागतात. महेंद्र हे होऊच द्यायचा नाही. कार्यक्रमाच्या तासभर आधी रिकाम्या मांडवात उभा राहून तो माइक मुद्दाम वाढवायचा. किंकाळी फुटायला लागली की डोळे मिटून ती कुठली आहे ते ओळखायचा आणि इक्वलायझरवरची नेमकी तेवढीच पट्टी खाली ओढायचा. मग माइक आणखी वाढवायचा, पुढची शिट्टी धरायची, तीही कापायची. चार-पाच पट्ट्या कापल्या की मांडव गप्प. शेजारच्या घरातली कोंबडी ओरडली की बाया जशा ओळखतात, तसं तो म्हणायचा, "ह्यो आठशेचा हाय." आणि इक्वलायझरवर तो आठशे हर्ट्झचाच निघायचा.

दोन हजार वीसच्या उन्हाळ्यात सगळं बंद पडलं. खुर्च्यांवर धूळ बसली, महेंद्रच्या स्पीकरांत उंदरांनी संसार थाटले. तो रोज दुपारी दुकान उघडून मिक्सर पुसत बसायचा. असंच एकदा पुसता पुसता त्यानं बाहेर जाणारी वायर चुकून त्याच मिक्सरच्या आत येणाऱ्या भोकात खुपसली. माइक नाही, गाणं नाही, काहीच जोडलेलं नाही, आणि मिक्सर स्वतःच बोलायला लागला.

दुसरा कुणी असता तर त्यानं वायर उपटली असती. महेंद्रनंही इतक्या वर्षांच्या सवयीनं हात पुढं केला होता, असं तो सांगतो. पण समोर मांडव नव्हता, नवरदेव नव्हता, कुणी कानावर हात ठेवणार नव्हतं. त्यानं हात मागं घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा ती शिट्टी शेवटपर्यंत ऐकली.

नंतर त्याला नादच लागला. एक बटण केसभर फिरवलं की शिट्टीची घरघर व्हायची, दुसरं फिरवलं की घरघरीच्या आत खरखर उगवायची. मधे त्यानं कीर्तनाला लावतात ते इकोचं यंत्र जोडलं, तेव्हा एकावर एक थर चढून असा आवाज यायला लागला की दुकानाचं शटर थरथरायचं. अर्धा-अर्धा तास एकच सूर, वर ना खाली. मी एकदा विचारलं, "गिरणीचा पट्टा सुटलाय का?"

"ऐक की जरा," तो म्हणाला.

"ऐकतोय. ह्यात गाणं कुठंय?"

"गाणं न्हाई. त्यो आपला आपनच वाजतोय. म्या फक्त कुठं वळायचं ते सांगतोय."

मी कपाळाला हात लावला. पुढं लग्नं सुरू झाली तरी दुपारचा हा उद्योग काही सुटला नाही. त्यानं ते आवाज मोबाईलवर भरून नेटवर कुठं कुठं टाकले आणि पुण्याच्या काही पोरांनी त्याला बोलावलंसुद्धा. मीही गेलो, टेम्पो माझा होता ना. एका बंद खोलीत तीस-चाळीस माणसं जमिनीवर बसली, महेंद्रनं पाऊण तास मिक्सर घुमवला आणि सगळे डोळे मिटून ऐकत राहिले. डोळे उघडे ठेवलेला मी एकटाच. शेवटी टाळ्या वाजल्या तेव्हा महेंद्र इतका लाजला की वायरी गुंडाळायच्या सोडून मिक्सरच्या मागं जाऊन बसला. बेलापुरात परत आल्यावर हे मी चार लोकांत तिखटमीठ लावून सांगितलं आणि वर्षभर त्याची चेष्टा केली. आता त्याचं वाईट वाटतं.

आता त्याच्या वडलांकडे येतो. जालिंदरआण्णा एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या पॉवरहाऊसमध्ये होते. टर्बाइनपासून दहा पावलांवर त्यांची जागा. तिथं कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नसे, म्हणून सगळा कारभार हातांनी. एक बोट फिरवलं की वाफ वाढवा, पंजा वर केला की थांबवा. कानात कापसाचा बोळा घालायचा आणि गळीत हंगाम काढायचा. निवृत्त झाले तेव्हा सत्कार झाला, नारळ मिळाला. सत्काराचा माइक महेंद्रनंच लावला होता.

कारखाना सुटला, पण आवाज सुटला नाही. निवृत्तीनंतर वर्षभरात आण्णा म्हणायला लागले की कानात काहीतरी वाजतंय. सारखं, अखंड. श्रीरामपूरला दाखवलं, नगरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, नस कमजोर झाली आहे, यावर औषध नाही, सवय होईल. कसला आवाज येतो असं विचारलं की आण्णा कधी रातकिडा म्हणायचे, कधी वाफ, कधी तापलेल्या तव्यावरचं पाणी, आणि मग स्वतःच वैतागून म्हणायचे, "तसा बी न्हाई." सांगता येत नाही त्या दुखण्यावर कोण विश्वास ठेवतं? विमलमावशी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "कारखाना डोक्यात घालून घरी आनलाय मानसानं." मी तर त्यांच्या कानाशी हात नेऊन रेडिओचं बटण फिरवल्यासारखं करायचो, "स्टेशन बदलू का आण्णा?" लोक हसायचे. आण्णाही हसायचे. नऊ वर्षं हे चाललं.

आवाज वाढत गेला तसं बाकीचं ऐकू येणं कमी होत गेलं. पाखरं गेली, कुकरची शिट्टी गेली, नातवंडांची बोलणी गेली. उरला होता तो विमलमावशीचा आवाज. ती बोलते खालच्या पट्टीत, भरदार, आणि शब्द सुटा सुटा. दर वर्षी वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने आमच्या गावच्या बुद्धविहारात संध्याकाळी ग्रंथवाचन होतं आणि वाचन तिच्याकडे असतं. सातवीपर्यंत शिकलेली बाई, पण वाचायला लागली की कॉलेजातली पोरंही मोबाईल खिशात घालतात. महेंद्रनं विहारातला डावीकडचा स्पीकर खास आण्णांसाठी बसवला होता. त्यांच्या कानाला जे सूर अजून लागत होते तेवढेच त्यानं वर उचलले होते. बाकीचे लोक तक्रार करायचे, डाव्या बाजूला बाई रांजणात तोंड घालून वाचल्यासारखी वाटते. महेंद्र ऐकून घ्यायचा आणि पट्टी जागची हलवायचा नाही. आण्णा रोज त्याच स्पीकरखाली, खांबाला टेकून बसायचे. प्रकरण संपलं की सगळे तीनदा "साधू" म्हणतात, त्यात त्यांचा आवाज बरोबर वेळेवर असायचा.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात एका दुपारी आण्णा महेंद्रचा जेवणाचा डबा घेऊन दुकानात आले. मी तिथंच खुर्च्यांची मोजणी करत होतो. महेंद्र त्याच्या घुमवण्यात दंग होता. खालचा सूर सोडून तो हळूहळू वरच्या सुरांकडे चालला होता. आण्णा डबा ठेवून वळले आणि वळता वळता थांबले. त्यांनी पंजा वर केला, पॉवरहाऊसमध्ये करायचे तसा.

"थांब. मागं घे."

महेंद्रनं बटण मागं घेतलं.

"लई मागं गेलास. जरा म्होरं. आजून. आता त्यात जरा खरखर घाल. हां." आण्णांनी पंजा हवेतच धरला. "ह्योच. ह्योच हाय त्यो."

आम्ही दोघंही ऐकत उभे राहिलो. बारीक, धारदार सूर होता आणि त्याच्या पाठीला वाळू घासल्यासारखी खरखर. मिनिटभरात माझे दात शिवशिवायला लागले. मी म्हटलं, "महेंद्र, बंद कर बाबा." त्यानं बटण दाबलं.

आण्णा तसेच उभे. मग अगदी हळू म्हणाले, "बंद झाला."

"व्हय, केला बंद," महेंद्र मोठ्यानं म्हणाला.

"तुझा न्हाई. माझा."

असा चेहरा मी कुणाचा पाहिलेला नाही. त्यांनी एकदा छताकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे. बाहेर उसाचा रिकामा ट्रॅक्टर गेला तर त्याच्याकडे पाहुण्याकडे बघावं तसं बघत राहिले. मग खांदे उतरले. "आला परत," म्हणाले आणि बाकावर बसून पदर नसलेल्या माणसानं रडावं तसं, उघड्या तोंडानं, रडले. मी नऊ वर्षं त्यांच्या कानाशी रेडिओचं बटण फिरवत होतो. मला त्या दिवशी स्वतःची शरम वाटली आणि ती अजून गेलेली नाही.

महेंद्रनं तो सगळा प्रकार पुन्हा केला, मोबाईलवर वेळ लावून. मिनिटभर आवाज, मग बंद. चाळीस सेकंद आण्णांचे कान शांत राहिले. पुन्हा केलं, पुन्हा चाळीस.

इथंच त्याची चूक झाली, आणि ती त्याच्यासारख्या माणसालाच करता येईल अशी होती. जन्मभर त्यानं एकच काम केलं होतं. शिट्टी ओळखायची आणि ती पट्टी कापायची. त्याला वाटलं, कान म्हणजेही एक मांडवच. शिट्टी सापडली आहे, आता रोज थोडी थोडी कापत गेलो तर चाळीसची साठ होतील, साठची तास, आणि एक दिवस मांडव कायमचा गप्प होईल. डॉक्टरला विचारायचं त्याच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही. उलट कानावर घट्ट बसणारे डीजेवाल्याचे मोठे हेडफोन मीच त्याला आणून दिले.

त्यानं एका जुन्या ॲम्प्लिफायरच्या पत्र्याच्या पेटीत छोटा मिक्सर बसवला. आतच वायर फिरवून त्याचा आवाज त्यालाच पाजला, आण्णांचा सूर पक्का केला आणि बाहेर दोनच गोष्टी ठेवल्या, चालू-बंदचं बटण आणि आवाजाचं बटण. आवाज चारच्या पुढं जाऊ नये म्हणून बटणाखाली एक स्क्रू आडवा घातला. रोज एकदाच लावायचं, एकच मिनिट, असं बजावून त्यानं पेटी घरी नेली.

पहिले दोन महिने घरात सणासारखे गेले. आण्णा जेवायला लागले, पारावर जाऊन बसायला लागले. मी भेटलो की स्वतःच म्हणायचे, "आज चाळीस मिळाले." महेंद्रच्या चालण्यात ताठा आला. त्याला आयुष्यात कुणी शाबासकी दिली नव्हती, कारण शिट्टी वाजली नाही तर कुणाच्या लक्षात येत नाही. आता घरातच त्याची शाबासकी हिंडत-फिरत होती.

त्याच वर्षीच्या वर्षावासात एका संध्याकाळी मी विहाराच्या दारात उभा होतो, दुसऱ्या दिवशीच्या मांडवाचं महेंद्रशी बोलायला आलो होतो. विमलमावशी वाचत होती. वाक्य अर्ध्यावर होतं, माणसं ऐकत होती, आणि डाव्या स्पीकरखालून आण्णांचा खणखणीत आवाज आला, "साधू, साधू, साधू."

मागची पोरं हसली. मावशी क्षणभर थांबली, पान धरून. मग पुढं वाचायला लागली. प्रकरण खरोखर संपलं तेव्हा सगळे म्हणाले आणि आण्णा गप्प बसून होते. त्यांनी तिच्या ओठांकडे बघून अंदाज बांधला होता आणि तो चुकला होता. महेंद्र मिक्सरपाशी बसला होता. त्यानं डाव्या स्पीकरकडे पाहिलं, मग वडलांकडे. आवाज वाढवायला हात नेला आणि परत आणला. स्पीकर ठीकच होता.

दुसऱ्या दिवशी मांडवाचं काम माझ्या माणसांवर सोडून आम्ही आण्णांना श्रीरामपूरला नेलं. कानाच्या तपासणीचा आलेख आला. तपासणाऱ्या मुलीनं दोन वर्षांपूर्वीचा आलेख शेजारी ठेवला. जुन्या कागदावर रेघ डावीकडे, खालच्या सुरांपाशी, बऱ्यापैकी वर होती आणि उजवीकडे कोसळली होती. नव्या कागदावर ती डावीकडेही खाली आली होती. मुलीनं विचारलं, "मध्यंतरी हे फार मोठ्या आवाजात होते का?"

महेंद्रनं दोन्ही कागद घडी करून खिशात घातले. बाहेर येऊन रसवंतीच्या बाकावर बसला आणि म्हणाला, "सूर्यभान, एकतीस वर्सांत कारखान्यानं नेलं न्हाई त्ये म्या चार महिन्यात नेलं." मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो. तापट माणसाला समजूत घालता येत नाही. मी रसवाल्यावरच ओरडलो, बर्फ का घातला म्हणून.

घरी येऊन त्यानं पेटी उलटी केली. आडवा घातलेला स्क्रू नव्हता.

"आण्णा, स्क्रू तुमी काढला?" हे तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की गल्लीतली माणसं बाहेर आली.

"काढला," आण्णा म्हणाले. "एकतीस वर्सं टर्बाइनचा वेग बांधायची यंत्रं उघडली आन् बसवली म्या. तुझा येवढासा स्क्रू काय घिऊन बसलास."

"किती येळ लावायचे रोज?"

आण्णांनी खांदे उडवले. "चाळीस सेकंद काय पुरत्यात का? संपले की परत लावायचो. मोठा केला की पन्नास मिळायचे."

"आवो, उरलंसुरलं ऐकू येनं बी गेलं तुमचं!"

"जाऊ दे." आण्णांचा आवाज चढला. बहिऱ्या माणसाचा आवाज चढला की घर भरून जातं. "झोपताना त्यो, उठताना त्यो, घास तोंडात घालताना त्यो. माज्या डोस्क्यात मलाच जागा न्हाई. काय ऐकायसाठी जपू हे कान? काय ऐकायचं ऱ्हायलंय मला?"

विमलमावशी उंबऱ्यात बसून गवार मोडत होती. ती गवार मोडायची थांबली. तिच्याकडे कुणी बघितलं नाही, मी सोडून. तोंडावर थप्पड बसल्यावर माणूस जसा आधी नुसता बघतो, तशी ती नवऱ्याकडे बघत होती.

महेंद्रनं पेटी उचलली. फोडणारच होता, त्याच्या हाताची पकड मला दिसत होती. तेवढ्यात मावशी उठली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "थांब. मला ऐकव त्यो."

"काय करायचंय तुला ऐकून?"

"ऐकव म्हनते ना. नऊ वर्सं ह्या घरात ऱ्हातोय त्यो, म्या त्याचं तोंड बी बघितलं न्हाई."

महेंद्रनं आवाज अगदी खाली घेतला आणि पदरावरूनच तिच्या कानांना हेडफोन लावले. ती भिंतीला टेकून बसली. बटण दाबलं. पहिल्यांदा तिनं कपाळाला आठ्या घातल्या. मग हळूहळू तिचा चेहरा बदलत गेला. डास चावावा तशी ती मान हलवायची, बाजूला घ्यायची, पण हेडफोन मानेबरोबरच यायचे. मिनिटभरानं तिनं ते काढले आणि मांडीवर धरून बसली.

"ह्यो हाय?" तिनं बोटानं विचारलं.

आण्णांनी मान हलवली.

"रोज? आत्ता बी?" तिनं हात गोल फिरवून विचारलं.

आण्णांनी पुन्हा मान हलवली.

तिनं हेडफोन मांडीवरून खाली ठेवले. मग म्हणाली, "आन् येवढ्यातून तुमी माजं वाचन ऐकत हुता?"

आण्णांना ते ऐकू आलं नाही. ते महेंद्रकडे वळले. "काय म्हनली?"

महेंद्र पेटीवरची धूळ पुसायला लागला. त्यानं मान खाली घातली. आण्णा माझ्याकडे वळले. मी मंडपवाला, गावभर तोंड चालवणारा माणूस. माझ्याच्यानंही ते वाक्य ओरडून सांगवलं नाही. काही वाक्यं ओरडून सांगता येत नाहीत.

मग मावशीनं स्वतःच हेडफोन आण्णांच्या कानांना लावले. महेंद्रनं "नको" म्हणायच्या आत बटण चारवर आणून चालू केलं. "मोज," ती त्याला म्हणाली. मिनिट झालं तसं तिनं पेटी बंद केली, हेडफोन ओढून काढले आणि त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन तेच वाक्य पुन्हा म्हटलं, सुटं सुटं, विहारात वाचते तसं. त्या रिकाम्या झालेल्या कानात ते पोहोचलं. आण्णांनी उंबऱ्यातली गवारीची शेंग उचलली आणि ती मोडत बसले.

तेव्हापासून पेटी मावशीकडे असते. कपाटात, किल्ली तिच्या कमरेला. महेंद्रनं स्क्रू परत घातला आणि वर कथलाचा डाग देऊन पक्का केला. डॉक्टर म्हणाले होते, हे बंदच करा. महेंद्रलाही बंदच करायचं होतं, तसं तो आईला दोनदा बोललाही. ती म्हणाली, "दिवसातलं एक मिनिट. तेवढं मला लागतं." तिला, असं म्हणाली. आण्णांना, असं नाही.

रोज दिवस कलताना ओसरीवर दोघं बसतात. ती हेडफोन लावते, महेंद्र मोबाईलवर वेळ बघतो. मिनिट झालं की पेटी बंद, आणि मग ते चाळीस सेकंद तिचे. त्यात ती सांगते. शेळीला दोन करडं झाली, छबूबाईची सून माहेरी गेली, डाळ करपली होती पण तुमाला कळलं न्हाई. आण्णा डोळे मिटून ऐकतात. आवाज परत आला की पंजा वर करतात आणि ती शब्द अर्ध्यावर असला तरी थांबते. राहिलेला शब्द दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करते. मी एकदा विचारलं, अर्धवट राहिलेलं दिवसभर डोक्यात कसं धरता मावशी? ती म्हणाली, "तुझ्या आण्णांनी नऊ वर्सं काय काय धरलं डोस्क्यात. मला येक शब्द धरता ईना व्हय?"

महेंद्रनं दुकानातला तो नाद सोडला. मिक्सर पुसून कापडाखाली ठेवला आहे. पुण्याच्या पोरांचा फोन येतो, तो म्हणतो, मशीन बिघडलंय. आता मांडवात शिट्टी धरायची वेळ आली की तो पूर्वीसारखे डोळे मिटत नाही. घाईनं पट्ट्या ओढतो, एखादी जास्तच कापतो. लोकांना कळत नाही, मला कळतं.

गेल्या महिन्यात मी ओसरीवर होतो. आण्णांनी पंजा वर केला, मावशी थांबली, आणि नेहमीप्रमाणे तिनं महेंद्रला विचारलं, "किती झाले?"

महेंद्र मोबाईलकडे बघून म्हणाला, "चाळीस."

मी त्याच्या खांद्यावरून बघत होतो. आकडा बावीसवर थांबला होता. बाहेर आल्यावर मी त्याला धरलं. तो म्हणाला, "दिवाळीला तीस हुते. कमी कमीच हुतायत. तिला सांगू नगंस." मी त्याला शिवी दिली आणि मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिलो.

काल पुन्हा गेलो होतो. मावशीनं पेटी बंद केली, हेडफोन काढले. या खेपेला शेळी नाही, छबूबाई नाही, डाळ नाही. आदल्या दिवशीचा अर्धा शब्दही तिनं सोडून दिला. आयुष्यभर सुटं सुटं वाचणारी ती बाई आण्णांच्या कानाशी वाकून भरभर बोलायला लागली, "जेवलात ना, पाय दुखतुय का, म्या हितंच हाय, कुटं जात न्हाई." आणि आण्णांचा पंजा वर जायच्या आतच ती बोलायची थांबली. महेंद्रला किती झाले ते तिनं विचारलं नाही.